मंडळीच्या कामातून प्रार्थनेला वेळ कसा काढता?

पायरीवरचा

नमस्कार मंडळी (दोन्ही अर्थांनी, लोक म्हणून आणि चर्च म्हणूनही).

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. प्रश्न इतका साधा आहे की विचारायला लाज वाटते. एकट्यानं, शांतपणे प्रार्थनेला बसायला वेळ कसा काढता?

परिस्थिती सांगतो. नोकरी पूर्णवेळ. घरी बायको आणि दोन मुली. रविवारी उपासनेआधी गायनमंडळाचा सराव, उपासनेनंतर कमिटी. बुधवारी घरोघरी प्रार्थनासभा, त्याचं वेळापत्रक माझ्याकडे. शुक्रवारी तरुणसंघ, शनिवारी संडे स्कूलची तयारी. शिवाय मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर प्रार्थनेच्या विनंत्या येतात आणि मी प्रत्येकीखाली जोडलेले हात टाकतो. खरं सांगू? हात टाकतो, प्रार्थना करत नाही.

परवा जेवायच्या आधी धाकटीला म्हटलं, आज तू प्रार्थना कर. तिनं डोळे मिटले, घसा खाकरला आणि हुबेहूब माझ्या आवाजात सुरू झाली, "हे स्वर्गीय पित्या, तू दिलेल्या या सुंदर संधीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो आणि पुढील कार्यक्रम तुझ्या हाती सोपवतो..." सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. पोरीला माझी सूत्रसंचालनाची प्रार्थना तेवढी माहीत आहे. दुसरी तिनं पाहिलेली नाही, कारण मी करतच नाही. शेवटची कधी केली ते आठवून पाहिलं. नाही आठवलं.

सल्ले चालतील. पण नुसतं 'पहाटे उठा' लिहिणार असाल तर कसं उठता तेही लिहा.

दिव्यात_तेल

पहाटे उठा. :)

दिव्यात_तेल

बरं, आता गंभीरपणे. बायबलमधलं मार्क १:३५ आपल्याला तोंडपाठ असतं, प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला. पण त्याच्या आधीची दोन-तीन वचनं वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, आजारी, भूतग्रस्त, सगळे. म्हणजे ती पहाट काही सुट्टीच्या दिवसाची नव्हती. नंतर काय होतं? शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुम्हाला शोधताहेत. मोबाईल नव्हता इतकंच, मिस्ड कॉल होतेच.

कसं उठते ते: गजराचं घड्याळ दुसऱ्या खोलीत, बायबल रात्रीच खुर्चीवर उघडं ठेवलेलं. उठून ते शोधायला लागलं की मी परत पांघरुणात शिरते, हा अनुभव आहे. आणि रात्री लवकर झोपणं, जे कोणी सांगत नाही. पहाटेची प्रार्थना आदल्या रात्री टीव्ही बंद करण्यापासून सुरू होते.

मार्थाची_बहीण

पहाट? आमच्याकडे पहाट रोज रात्री तीन वेळा होते. बाळ सात महिन्यांचं आहे.

दिव्यात_तेल, तुमच्यावर राग नाही, पण महिलासंघात दर वेळी हेच ऐकून कान किटलेत. मुलं मोठी झालेल्या बायका सांगतात, पहिला तास प्रभूला द्या. माझा पहिला तास कुठला तेच मला माहीत नाही. गेल्या आठवड्यात स्तोत्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्या वचनावर डोकं टेकलं. बायबलवर लाळेचा डाग पडलाय, बाळाचा नव्हे, माझा.

माळेचा_मणी

@मार्थाची_बहीण, तुमच्यासाठी १ राजे १९. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडलाय, मला मरण दे म्हणतोय. देवदूत काय करतो? उपदेश नाही, प्रार्थनेचा आग्रह नाही. खायला देतो. तो खाऊन परत झोपतो, तर देवदूत त्याला झोपू देतो आणि नंतर पुन्हा खायला देतो. देवाची मंद वाणी बरीच नंतर येते, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोहोचल्यावर. तुम्ही सध्या झुडपाखाली आहात ताई. झोपा.

मार्थाची_बहीण

हे वाचून रडू आलं. (झोप कमी आहे, कशानंही येतं.)

ओसाड_विहीर

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या आईचं, सुझाना वेस्ली यांचं उदाहरण आहे ना. १९ मुलं झाली, जगली १०. घरात एकांत मिळेना म्हणून त्या ॲप्रन डोक्यावरून ओढून बसायच्या आणि मुलांना कळायचं की आई आता देवाशी बोलतेय, असं सांगतात.

मार्थाची_बहीण

टॉवेल डोक्यावर घेऊन पाहिला. बाळाला वाटलं भॉक खेळतेय. वीस मिनिटं खिदळत होतं. प्रार्थना झाली नाही, पण बऱ्याच दिवसांनी मीही हसले.

थोमा_शंका

ॲप्रनची गोष्ट सांगोवांगीची आहे, पण त्याच बाईंबद्दल त्यांच्या स्वतःच्या १७१२ च्या पत्रात एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त भारी वाटते. आठवड्यातली एकेक संध्याकाळ त्यांनी एकेका मुलाला नेमून दिली होती, एकेकट्याशी बोलायला. गुरुवार जॉनचा. म्हणजे वेळ 'काढण्या'पेक्षा वेळ 'वाटून देणं' त्यांना जमत होतं.

आता मूळ धाग्याबद्दल जरा कडू बोलतो. पायरीवरचे दादा, तुमचा प्रश्न वेळेचा नाहीच. तुमच्या यादीत निदान पाच पदं मोजली मी. इतकी कामं एका माणसाकडे असतील तर एक तर मंडळीत दुसरं कोणी नाही, किंवा तुम्ही कोणाला करू देत नाही. दोन्हींत 'पहाटे उठा' हा इलाज नाही.

पायरीवरचा

कडू नाही, खरं आहे. पण प्रत्येक काम देवाचंच आहे हो. कुठलं सोडू?

थोमा_शंका

देवाचं आहे म्हणून तुमचंच आहे असं कुठे लिहिलंय?

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, पाळ्या फिरत्या. एकच ठरावीक वेळ हा प्रकार माझ्यासाठी नाही. पण एक सवय लागली आहे ती सांगते. प्रत्येक रुग्णाच्या खाटेपाशी जाण्याआधी हाताला सॅनिटायझर चोळावं लागतं, वीस ते तीस सेकंद, तळवे, मग बोटांमधल्या बेचक्या, मग अंगठे, मग नखांची टोकं. हे करताना पूर्वी मी पुढच्या कामाची यादी आठवायचे. आता त्या रुग्णाचं नाव घेते. तळव्यांना नाव, बेचक्यांना दुखणं, अंगठ्यांना घरचे लोक. नखांपर्यंत येते तेव्हा आमेन. एका पाळीत किती वेळा होतं मोजलेलं नाही, पण हाताची साल निघेल इतकं होतं.

नहेम्या २:४ पाहा. राजा विचारतो, तुला काय हवंय? नहेम्या देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. मध्ये किती वेळ गेला असेल? राजाला कळलंही नसेल.

थोमा_शंका

ताई, आदर आहे, पण ही निरंतर प्रार्थना झाली, शांत वेळ नव्हे. दोन्ही लागतात. दिवसभर नवऱ्याशी वीस-वीस सेकंद बोललात तर घर चालतं, पण एखाद्या संध्याकाळी समोरासमोर बसावं लागतं की नाही? आणि नहेम्याचं म्हणाल तर त्या एका क्षणाआधी पहिला अख्खा अध्याय आहे, उपास, रडणं, कित्येक दिवसांची प्रार्थना. क्षणाची प्रार्थना त्या साठ्यातून आली.

रात्रपाळी

मान्य. माझा पहिला अध्याय कमी पडतोय हेही मान्य. पण दुसरा तरी चालू आहे यात मी सध्या खूश आहे.

निवृत्त_पण_बिझी

सर्वांना एक धोक्याची सूचना. मीही तीस वर्षं म्हणत होतो, वेळ मिळाला की करू. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. वेळ मिळाला. प्रार्थना झाली नाही. मोकळ्या दिवसात ती 'थोड्या वेळानं'च्या खड्ड्यात पडते आणि खड्ड्याला तळ नसतो.

शेवटी काय चाललं सांगतो. मत्तय ६:६ मध्ये 'आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे' असं आहे. त्या खोलीसाठी मूळ ग्रीकमध्ये 'तामेइऑन' हा शब्द आहे, म्हणजे आतली खोली, कोठार. लूक १२:२४ मध्ये कावळ्यांना कोठार नाही म्हटलंय, तिथेही हाच शब्द. हे कळल्यावर मी बैठकीच्या खोलीतली माझी 'प्रार्थनेची खुर्ची' सोडली आणि अडगळीच्या खोलीत गेलो. तिथे जुन्या सुटकेसा, पंख्याचं तुटलेलं पातं, मुलाची सायकल. खिडकी नाही, बघायला काही नाही. दार लावलं की आतून कडी. त्या कडीचा 'खट्' आवाज हेच आता माझं 'हे पित्या' झालंय. बायको पहिल्या दिवशी बाहेरून विचारत होती, "अहो, आत काय शोधताय?" म्हटलं, सापडलं की सांगतो.

जक्कय_झाडावर

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

आमच्या घरात अडगळीची खोली नाही. घर हीच अडगळ आहे.

कुंभार_माती

धर्मसुधारक मार्टिन लूथर म्हणायचे ना, आज इतकं काम आहे की आधी तीन तास प्रार्थना केल्याशिवाय भागायचं नाही. आपण उलटं करतो.

जुनी_पोथी

हे वाक्य प्रवचनांत फार फिरतं. मला ते त्यांच्या लिखाणात कुठे सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर थकलेल्या माणसाला त्यानं धाप लागते. लूथरनी या विषयावर जे नक्की लिहिलंय ते कितीतरी प्रेमळ आहे. १५३५ साली त्यांच्या न्हाव्यानं, पीटर त्याचं नाव, त्यांना विचारलं की प्रार्थना करायची कशी. लूथरनी त्याच्यासाठी छोटं पुस्तकच लिहून दिलं. त्यात म्हणतात, सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम प्रार्थना असू दे, आणि 'थांब, तासाभरानं करतो, आधी हे एवढं उरकतो' या विचारापासून जप. (निवृत्त काका, तुमचा खड्डा पाचशे वर्षं जुना आहे.)

लक्ष भरकटण्याबद्दल त्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण देतात. चांगल्या न्हाव्याची नजर आणि मन वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. बडबडत, इकडेतिकडे बघत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, नाहीतर गळाच. प्रार्थनेचंही तसंच.

पद्धत सोपी आहे. दहा आज्ञांतली एक घ्यायची आणि तिचे चार पदर करायचे: यातून काय शिकलो, कशाबद्दल आभार, कुठे चुकलो, काय मागायचं. आणि मध्येच पवित्र आत्मा बोलू लागला तर बाकीचे पदर सोडून द्यायचे आणि गप्प ऐकायचं. मी हे करतो. बहुतेक दिवशी दुसऱ्या पदरावर वेळ संपतो.

जक्कय_झाडावर

भरकटण्यावरून: मी बसलो रे बसलो की वीजबिल आठवतं. शेजारी कागद ठेवा, आठवेल ते लिहून टाका, मन मोकळं होतं, असं कोणीतरी सांगितलं. केलं. पंधरा मिनिटांनी माझ्याकडे कामांची अप्रतिम यादी तयार होती.

दिव्यात_तेल

हाहाहा. मग त्या यादीचीच प्रार्थना करा. वीजबिल भरायला पैसे आहेत हा आभाराचा विषय नाही का?

माळेचा_मणी

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझं थोडं वेगळं. आम्हाला वेळ 'शोधावा' कमी लागतो, कारण शब्द तयार असतात. थकून आलं की स्वतःचं वाक्य सुचत नाही, पण माळेचा मणी बोटाला लागतो. रात्री संत इग्नेशियस यांनी शिकवलेलं दिवसाचं परीक्षण करते: दिवस तासातासानं आठवत जायचा, आज देव कुठे भेटला, मी कुठे तोंड फिरवलं. ते स्वतः हे दिवसातून दोनदा करायला सांगत. मी एकदा करते आणि त्यातही कधीकधी दुपारपर्यंतच पोहोचते.

थोमा_शंका

पाठ केलेली प्रार्थना तोंडानं चालते, मन कुठेतरी फिरत असतं, ही अडचण नाही का येत? व्यर्थ बडबड करू नका असं मत्तय ६ मध्येच आहे, काकांच्या कोठारानंतर लगेच.

माळेचा_मणी

येते की. पण दादा, धागा पुन्हा वाचा. त्या लहान मुलीनं नक्कल कशाची केली? पाठ केलेल्या प्रार्थनेची नाही, 'उत्स्फूर्त' प्रार्थनेची. तीही पाठ होते, फक्त ती पाठ झाली आहे हे आपल्याला कळत नाही. स्तोत्रं तरी दुसऱ्याच्या काळजातून आलेली असतात.

थोमा_शंका

...हा मुद्दा घरी नेतो.

ओसाड_विहीर

ग्रुपवर नुसतं 'आमेन' टाकणाऱ्यांचा जाहीर निषेध.

जक्कय_झाडावर

आमेन.

मेंढरू_शंभरावं

मी पाळक (पास्टर) आहे. (आयडीवरून हसू नका, विचार करूनच घेतलाय.)

धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. पायरीवरचे, तुमच्या मुलीनं जे केलं ते माझ्या बाबतीत कोणी केलं नाही, कारण पाळकाची नक्कल कोणी तोंडावर करत नाही. माझी अडचण बायबलची होती. कुठलाही उतारा उघडला की तिसऱ्या वचनापर्यंत प्रवचनाचे तीन मुद्दे तयार. हे अमक्याला लागू पडेल, हे तरुणसंघाला सांगू. स्वतःसाठी वाचून किती दिवस झाले होते, देव जाणे. तो जाणतोच म्हणा.

आता एक नियम केलाय. सकाळच्या वाचनाला पेन नेत नाही. पेन खोलीबाहेर, बुटांच्या कपाटावर. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवायचे. एकदा इतका सुंदर मुद्दा सुचला की उठून बाहेर आलो, पेन उचललं, परत ठेवलं. तो मुद्दा नंतर विसरलो. मंडळीचं काही बिघडलं नाही.

दुसरं. तुमच्यासारखा माणूस प्रत्येक पाळकाला हवा असतो, नाही न म्हणणारा. मीही अशा दोघा-तिघांवर काम लादत गेलो आहे, आणि त्यांचं कौतुक करत करत लादलं आहे. तुमच्या पाळकांकडे जा आणि एक काम परत द्या. कारण खरं सांगा. 'वेळ नाही' म्हणू नका, 'मी प्रार्थना करत नाही' म्हणा. त्यांना धक्का बसेल. नाही बसला तर ते माझ्यातलेच.

मार्थाची_बहीण

पाळकबुवा, हे वाक्य लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते कळतंय. धन्यवाद.

कुंभार_माती

अवांतर: कॅथलिक मठांतही झोपेचा प्रश्न होता का हो? की ते आपोआप उठायचे?

माळेचा_मणी

होता तर! संत बेनेडिक्ट यांच्या ६ व्या शतकातल्या मठाच्या नियमांत खास सांगितलंय की उठताना भावांनी एकमेकांना हळूच प्रोत्साहन द्यावं, कारण झोपाळूंकडे सबबी असतात. आणि रात्रपाळी ताईंसाठीही त्यात आहे: जो भाऊ दूर कामावर आहे, प्रार्थनागृहात वेळेवर येऊ शकत नाही, त्यानं जिथे आहे तिथेच प्रार्थना करावी. शिवाय प्रार्थना थोडक्यात असावी असंही आहे.

रात्रपाळी

दीड हजार वर्षांपूर्वीची परवानगी मिळाली. आभारी आहे. :)

दिव्यात_तेल

धागाकर्ते कुठे गायब? पहाटे उठून थकले की काय?

पायरीवरचा

आहे, वाचतोय सगळं. तीन आठवड्यांचा हिशेब देतो.

पहाट: सहा दिवस प्रयत्न, दोनदा उठलो, त्यातल्या एकदा बसल्या बसल्या झोपलो. हळूच प्रोत्साहन द्यायला कोणी नव्हतं.

काम: पाळकांकडे गेलो. वेळापत्रक परत देतो म्हटलं. त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मेंढरू शंभरावं यांनी सांगितलं ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि आयत्या वेळी 'जरा धावपळ होतेय' असंच म्हणालो. मग दारापर्यंत जाऊन परत फिरलो आणि खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, बसा. तिथेच दोघं दहा मिनिटं गप्प बसलो. वेळापत्रक आता दुसऱ्या एका बहिणीकडे आहे आणि माझ्यापेक्षा बरं चाललंय, हे जरा लागलं.

जागा: अडगळीची खोली मलाही नाही, पण गाडी आहे. कामावरून आलो की इमारतीखाली गाडी लावतो, फोन डिकीत टाकतो आणि परत पुढे येऊन बसतो. दार लागल्याचा 'धप्' आवाज, काकांच्या कडीसारखा. पहिल्या दिवशी काही सुचेना. 'आम्ही' असं सुरू केलं आणि थांबलो. गाडीत मी एकटाच होतो. 'मी' म्हणून वाक्य सुरू करायला गेलो तर क्रियापदापर्यंत पोहोचेना. 'हे प्रभू, मी...' आणि पुढे काहीच नाही. इतकी वर्षं सगळं अनेकवचनात चाललं होतं. शेवटी जुनी पोथी यांची पद्धत घेतली, एक आज्ञा, चार पदर. शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळण्याची आज्ञा निघाली. तिसऱ्या पदरावर बराच वेळ होतो.

परवा काचेवर टकटक झाली. धाकटी होती, खाली खेळायला आलेली. "बाबा, झोपलात का?" बायबलमध्ये मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या हन्नेला एली याजकानं प्यालेली समजलं होतं, त्या मानानं बरं. म्हटलं, नाही, प्रार्थना करतोय. तिनं आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कोणासाठी? इथे तर कोणीच नाहीये." मग मागचं दार उघडून बसली. थोडा वेळ पाय हलवत होती, मग हलवायची थांबली. मी डोळे उघडले तेव्हा ती काचेवर वाफ सोडून बोटानं घर काढत होती.

मार्थाची_बहीण

किती छान. माझं बाळ मोठं होईपर्यंत हा धागा वर ठेवा कोणीतरी.

जक्कय_झाडावर

एकच शंका. डिकीतला फोन त्या वेळात वाजत होता का?

पायरीवरचा

वाजत होता. ग्रुपवर माझ्याच नावानं विनंती आली होती, 'धावपळीत असलेल्या आपल्या बांधवासाठी प्रार्थना करा' म्हणून. खाली सदतीस जोडलेले हात.